टाकं, टँक आणि मोडीत गेलेला पितळी डबा

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

मागच्या रविवारच्या पुरवणीत तुम्ही एका तालुक्याच्या गावात चौकात नव्याने बसवलेल्या रणगाड्याचा फोटो छापला होता, खाली लिहिलं होतं 'शहराचा नवा सेल्फी पॉइंट', आणि फोटोत एक बाबा आपल्या लहान मुलाला रणगाड्याच्या पट्ट्यावर उभं करून हसत होते. तो फोटो मी कापून ठेवलाय. पोरगं खूष आहे, बाप खूष आहे, त्यात वाईट काही नाही, पण दोन दिवस तो फोटो डोक्यातून जाईना म्हणून हे पत्र लिहितोय. लांब झालंय, कापून छापलंत तरी माझी हरकत नाही, फक्त शेवटी जी विनंती केलीये ती तेवढी राहू द्या.

मी नगरचा, ३० वर्षं शाळेत चित्रकला शिकवली. आता नगरच्या माणसाला टँक काही नवीन नाही, आमच्या गावाचं नाव अहिल्यानगर झालं तरी बाहेरचे लोक अजून 'टँकचं म्युझियम आहे तेच ना' असं विचारतात. १९९४ साली ते सुरू झालं, मी शाळेच्या पोरांना दरवर्षी न्यायचो, रोल्स रॉइसची चिलखती गाडी, पाकिस्तानकडून जिंकून आणलेला पॅटन टँक, सगळं दाखवायचो आणि पोरं वहीत चित्रं काढायची. त्या सगळ्या सहलींत एक गोष्ट सारखी बघितली, की पोरं समोर खरा टँक उभा असताना त्याच्याकडे बघून चित्र काढतच नाहीत. मनातला टँक काढतात. चौकोनी डबा, वर गोल, पुढे लांब नळी आणि नळीतून ज्वाळा. मी म्हणायचो अरे समोर बघून काढा, तर एकदा एक मुलगी म्हणाली, "सर, पण टँक असाच असतो." मला तेव्हा ते कळलं नाही, आता कळतंय.

माझी मुलगी ब्रिस्टलला असते. तिच्याकडे गेलो की ती मला कुठे ना कुठे नेते, एकदा बोव्हिंग्टनच्या टँक म्युझियमला नेलं. तिथे 'मार्क वन' आहे, जगातला पहिल्यांदा लढाईत उतरलेला टँक, त्या जातीचा आता एवढा एकच उरलाय. आणि येताना एका जुन्या वस्तूंच्या बाजारात मला चिनीमातीचा एक छोटा टँक मिळाला, बोटभर लांबीचा, पांढराशुभ्र, कडेला सोनेरी रेघ, आणि पोटावर एका इंग्लिश गावाचं रंगीत बोधचिन्ह. ते आता माझ्या टेबलावर आहे आणि हे लिहिताना समोरच आहे.

हे असले टँक पहिल्या महायुद्धाच्या काळात इंग्लंडमधल्या स्टोक ऑन ट्रेंटच्या चिनीमातीच्या कारखान्यांतून ढिगाने निघत होते. आधी या कारखान्यांचा धंदा म्हणजे सहलीला आलेल्या लोकांना गावाचं चिन्ह छापलेली छोटी भांडी विकायची, आपल्याकडे महाबळेश्वरला नाव लिहिलेली काठी मिळते तसं. लढाई सुरू झाली आणि त्याच साच्यांच्या शेजारी तोफेचे गोळे, शिपायाची टोपी, अँब्युलन्स, लढाऊ जहाज, झेपेलिन म्हणजे जर्मनांचं हवाई जहाज, आणि टँक यांचे साचे आले. चिन्हाची बाह्यरेषा छापलेली असायची आणि आतले रंग बायका-मुली हाताने भरायच्या. माझ्या टँकवर एके ठिकाणी लाल रंग रेषेच्या बाहेर गेलाय, अगदी केसभर. मी तीस वर्षं पोरांच्या वह्यांत रेषेबाहेर गेलेला रंग बघितलाय त्यामुळे माझी नजर पहिली तिथेच गेली. कोणीतरी एक मुलगी दिवसभर बसून असे शेकडो टँक रंगवत होती, आणि शक्यता अशी की तिने खरा टँक कधी बघितलाही नसेल.

आणखी एक, माझ्या टँकच्या मागे दोन छोटी चाकं आहेत. खऱ्या मार्क वनलाही मागे शेपटीसारखी दोन चाकं होती, वळवायला मदत व्हावी म्हणून, पण ती रणांगणावर फारशी कामाला आली नाहीत आणि पुढच्या टँकवरून काढूनच टाकली. पण बाजारात मिळणारे चिनीमातीचे टँक बघितले तर कित्येकांना चाकं आहेत. लोकांच्या मनात पहिला जो टँक बसला तो चाकांचा होता, मग खऱ्याचं काही होवो.

आणि तो मनात बसला कसा तेही बघण्यासारखं आहे. १५ सप्टेंबर १९१६, फ्रान्समधली सोमची लढाई, फ्लेर्स आणि कूरसलेत ही गावं. ब्रिटिशांनी ४९ टँक नेमले होते, त्यातले डझनापेक्षा जास्त तर हल्ल्याच्या सुरुवातीच्या रेषेपर्यंतच पोचले नाहीत, कुठे इंजिन गेलं, कुठे खड्ड्यात रुतले. पण विमानातून बघणाऱ्याने कळवलं की फ्लेर्सच्या मुख्य रस्त्यावरून एक टँक चाललाय आणि मागे आपले सैनिक जल्लोष करत चाललेत, आणि ही बातमी लंडनच्या पेपरांत पोचली. आता गंमत अशी की फोटो छापायला बंदी, त्यामुळे पेपरवाल्यांकडे शब्द होते, चित्र नव्हतं. मग बातमीदारांनी जे सुचेल ते लिहिलं, कोणी म्हणालं प्राचीन काळचा राक्षसी प्राणी, कोणी म्हणालं अवाढव्य बेडूक, आणि चित्रकारांनी ते वाचून चित्रं काढली, घरं पाडत जाणारे, झाडं मोडत जाणारे, डोळे असलेले, जबडा असलेले टँक. पहिले फोटो पेपरात आले ते नोव्हेंबरात. म्हणजे दोन महिने अख्खा देश न बघितलेल्या गोष्टीचं चित्र मनात काढत होता. जानेवारी १९१७ ला टँक दाखवणारा सरकारी युद्धपट आला आणि लोकांनी थिएटरं भरली, पण तोवर खेळणी, गाणी, नाच सगळं निघालं होतं. लंडनच्या एका थिएटरात तर टँकचा नाच बसवला होता, नर्तकींचा. खंदकात राहून आलेल्या एका इंग्रज कवीला हे इतकं लागलं की त्याने कविता लिहिली, या नाटकगृहाच्या खुर्च्यांमधूनच एक खराखुरा टँक यावा म्हणजे यांचं हसू थांबेल, अशा अर्थाची. तो माणूस स्वतः लढत होता, त्याला तसं वाटणं मी समजू शकतो.

त्याच्याही आधी १९०३ साली एच. जी. वेल्स या इंग्रज लेखकाने मासिकात एक गोष्ट लिहिली होती, जमिनीवरून चालणाऱ्या चिलखती जहाजांची, म्हणजे टँक कागदावर १३ वर्षं आधीच जन्मला होता. पण ते सोडा, मला चित्रकारांबद्दल सांगायचंय.

पहिले टँक इंग्लंडहून निघण्याआधी त्यांना रंग कोणी दिला माहितीये? सॉलोमन जे. सॉलोमन नावाच्या चित्रकाराने. रॉयल अकॅडमीचा मोठा माणूस, श्रीमंतांची व्यक्तिचित्रं आणि बायबलमधले भव्य प्रसंग रंगवणारा. लढाईत त्याने ठरवलं की आपली कला लपवण्याच्या कामी द्यायची, खोटी झाडं तयार केली ज्यांच्या पोकळ बुंध्यात बसून शिपाई टेहळणी करायचे, आणि मग टँक आले तेव्हा त्याने ते गुलाबी, हिरवे, तपकिरी, करडे असे मोठमोठ्या डागांत रंगवले, लांबून बघणाऱ्याला आकारच कळू नये म्हणून. बोव्हिंग्टनचा मार्क वन तसाच रंगवून ठेवलाय. मी त्याच्यासमोर अर्धा तास उभा होतो, मुलगी कंटाळली. ब्रशचा फटकारा ओळखू येतो हो, तो रंगाऱ्याचा नाही, चित्रकाराचा आहे. प्रत्यक्षात काय झालं, तर सोमच्या चिखलात एका दिवसात सगळे टँक एकाच रंगाचे झाले. पुढे सैन्याने तो खटाटोप सोडून सरळ एकच मातकट रंग दिला.

जर्मनांकडचीही एक गोष्ट सांगतो. जर्मनीने स्वतःचे टँक फार थोडे बनवले, ए-सेव्हन-व्ही नावाचे, २० च्या आसपास. त्यातल्या एकाचं नाव मेफिस्टो, म्हणजे सैतान. त्याच्या अंगावर त्यांच्या माणसांनी लाल सैतान रंगवला होता आणि तो सैतान काखेत एक ब्रिटिश टँक मारून पळतोय, बाजारातून कोंबडी आणावी तसा. १९१८ च्या जुलैमध्ये ऑस्ट्रेलियन शिपायांनी तो ओढून आणला, मग ब्रिटिशांच्या वर्कशॉपमध्ये त्यावर उलटं चित्र आलं, मुकुट घातलेला सिंह आणि त्याच्या पंजाखाली जर्मन टँक. आज तो ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनच्या म्युझियममध्ये आहे, त्या जातीचा जगात उरलेला एकमेव. मला हे फार बोलकं वाटतं. दोन्हीकडच्या पोरांनी, ज्यांना उद्या जगू की नाही माहीत नव्हतं, एकाच लोखंडावर एकमेकांना उत्तर देणारी चित्रं काढली. फ्रेंचांचं अजून वेगळं, त्यांच्या छोट्या रेनॉ टँकवर पत्त्यातले इस्पिक, बदाम, चौकट, किलवर रंगवलेले असायचे, कुठली तुकडी ते ओळखायला. आणि एका ब्रिटिश टँकवर तर पुढे दोन मोठे डोळे रंगवले होते, कारण त्याचे पैसे मलायातल्या एका चिनी व्यापाऱ्याने, यू टोंग सेन याने दिले होते आणि चिनी लोक गलबताला डोळे काढतात, डोळे नसतील तर गलबताला वाट कशी दिसणार.

आता या सगळ्यात आत बसलेली माणसं कुठेयत ते शोधा. माझ्या चिनीमातीच्या टँकला दरवाजा नाही. म्हणजे साच्यात कोरायला कुणाला सुचलंच नाही की यात कोणी शिरतं आणि बाहेर पडतं.

मार्क वनमध्ये आठ माणसं असायची. २८ टनांचा डबा, मधोमध १०५ हॉर्सपॉवरचं इंजिन, आणि ते इंजिन वेगळ्या खोलीत वगैरे नाही, माणसांच्या मध्येच, उघडं. गाडी चालवायलाच चौघे लागायचे, एक चालक, शेजारी कमांडर ब्रेक सांभाळत, मागे दोघे गियरवाले. आवाज एवढा की बोललेलं ऐकू येणं शक्य नाही, मग पान्याने इंजिनाच्या झाकणावर ठोकून खुणा करायच्या. आतलं तापमान ५० डिग्रीपर्यंत जायचं, धूर आतच, माणसं बेशुद्ध पडायची, ओकायची. वेग माणसाच्या चालण्याएवढा, खड्ड्यांतून तर त्याहून कमी. बाहेरून गोळी चिलखतावर आदळली की आतल्या बाजूने लोखंडाचे बारीक कण उडायचे, त्यापासून वाचायला चामड्याचा मुखवटा आणि त्याला खाली साखळ्यांची झालर. तो मुखवटा काचेच्या पेटीत बघितला, डोळ्यांच्या जागी बारीक फटी. मी आतापर्यंत मुलांना रंगवायला कितीतरी मुखवटे दिले असतील पण तो बघून मला बसायला लागलं.

एकीकडे हे, आणि दुसरीकडे १९१७ च्या नोव्हेंबरात लंडनच्या ट्रफाल्गर चौकात एग्बर्ट नावाचा टँक उभा केला. लोकांनी रांगा लावल्या. आतमध्ये टेबल टाकून मुली बसलेल्या, तुम्ही पैसे द्या, त्या युद्धरोखा देणार आणि त्यावर टँकचा शिक्का मारणार. साडेपंधरा शिलिंगचं प्रमाणपत्र, पाच वर्षांनी पौंड मिळणार. याला म्हणायचे टँक बँक. मग ज्युलियन, नेल्सन, ड्रेक, ओल्ड बिल असे टँक गावोगाव फिरवले, आपल्याकडे पालखी येते तसा गाव लोटायचा. गावागावांत चढाओढ लावली. ग्लासगोत एका आठवड्यात १ कोटी ४० लाख पौंडांच्या वर जमले. आणि त्याच गर्दीत पोरांसाठी टँकच्या आकाराचे गल्ले विकले जात होते, वर फट, त्यात पेनी टाकायची. (त्याच १९१७ साली हिंदुस्थान सरकारने युद्धखर्चासाठी १० कोटी पौंड दिले, ते इथल्या माणसाला विचारून दिलेले नव्हते, आणि इथे कुठला टँकही दाखवायला आला नव्हता.) वेस्ट हार्टलपूल नावाच्या गावाने माणशी सगळ्यात जास्त पैसे दिले म्हणून एग्बर्ट त्यांना बक्षीस मिळाला. १९३७ साली त्यांनी तो भंगारात काढला.

लढाई संपल्यावर सरकारने अडीचशेच्या वर टँक गावांना भेट दिले, चौकात ठेवायला, अगदी तुमच्या फोटोतल्यासारखे. पोरं वर चढली, फोटो निघाले. मग गंज चढला, लोकांना नकोसे झाले, काहींना तर पहिल्यापासूनच नको होते कारण लढाईत पोरगा गेलेल्या आईला रोज बाजारात जाताना ते बघायला लागायचं. आणि दुसऱ्या महायुद्धापर्यंत जवळजवळ सगळे वितळवले. आज त्या भेटीतला एकच उरलाय, केंटमधल्या ॲशफर्डला, आणि तो उरला का, तर त्याच्या पोटात विजेचं सबस्टेशन बसवलं होतं म्हणून. उपयोगाचा होता म्हणून वाचला.

फ्रँक ब्रँग्विन या चित्रकाराला ब्रिटिश पार्लमेंटच्या हाऊस ऑफ लॉर्ड्समध्ये युद्धाच्या स्मरणार्थ मोठी चित्रं काढायला सांगितलं होतं. त्याने १९२५ च्या सुमारास भिंतभर मोठा टँक काढला, लढाईतला. ते बघून तिथले लोक म्हणाले हे फार भीषण आहे, भिंतीवर नको, काहीतरी प्रसन्न काढा. मग त्याने साम्राज्यातल्या देशांची फुलं-पानं-माणसं-प्राणी असलेली मोठमोठी चित्रं काढली, त्यात आपला हिंदुस्थानही आला, आणि १९३० साली तीही नाकारली. ती आता वेल्समध्ये स्वान्सीला एका हॉलमध्ये आहेत आणि टँकचं चित्र कार्डिफच्या म्युझियमकडे. टँकचा गल्ला चालला, टँकची भेटवस्तू चालली, टँकचा नाच चालला, पण ज्यांनी माणसं लढायला पाठवली त्यांच्या भिंतीवर टँकचं खरं चित्र चाललं नाही. मी आयुष्यभर चित्रकला शिकवली, मला हे विसरता येत नाही.

संपादक साहेब, आता तुम्ही म्हणाल हे सगळं विलायतेचं, आपल्या वाचकाला काय त्याचं. तर मुख्य गोष्ट आता सांगतो.

टँक हे नावच खोटं आहे. म्हणजे लपवण्यासाठी ठेवलेलं आहे. लिंकन शहरातल्या विल्यम फॉस्टर कंपनीत, जी एरवी शेतीची यंत्रं बनवायची, तिथे हे काम गुपचूप चाललं होतं, आणि हे लोखंडी धूड काय आहे असं कोणी विचारलं तर काय सांगायचं म्हणून १९१५ च्या डिसेंबरात नाव शोधत होते. पाण्याचा हौद, पाण्याचं पिंप, असे शब्द काढले आणि शेवटी 'टँक' पक्कं झालं. कामगारांना सांगितलं की ही पाणी वाहून नेणारी गाडी आहे, मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात, पाठवायची आहे. काहींना सांगितलं रशियाला जाणारे, त्यासाठी रशियन अक्षरंही रंगवली होती.

हा इंग्रजीतला टँक शब्द मुळात कुठला? शब्दकोश उघडून बघा, त्यात दोन वाटा दिलेल्या असतात, एक पोर्तुगीजांच्या तांके शब्दाची आणि दुसरी आपल्याकडची, गुजराती टांकी, मराठी टाकं. शिवनेरीवर गंगा-जमुना टाकी आहेत ना, खडकात खोदलेली, भर उन्हाळ्यात गार पाणी, तेच टाकं. इंग्रज सुरत-मुंबईच्या किनाऱ्यावर आले आणि इथल्या पाणी साठवायच्या जागेला ते टँक म्हणायला लागले. म्हणजे आपल्या पूर्वजांचा पाण्याचा शब्द असा फिरत फिरत जाऊन रणगाड्याच्या अंगाला चिकटला असावा.

आणि ज्या मेसोपोटेमियाचं नाव पुढे करून हे झाकलं, तिथे त्याच डिसेंबरात कोण होतं? इंग्रजांच्या हिंदुस्थानी फौजेची सहावी पुणे डिव्हिजन. ७ डिसेंबर १९१५ पासून ती कुत अल अमारा या गावात वेढली गेली होती, त्यात मराठा पलटणी होत्या, सातारा-कोल्हापूर-रत्नागिरीकडची पोरं. २९ एप्रिल १९१६ ला उपासमारीने शरण जावं लागलं, आणि नंतर कैदेत वाळवंटातून चालवत नेताना किती मेले. लिंकनच्या कारखान्यात कोणी विचारलं असेल, मेसोपोटेमियाला पाण्याच्या गाड्या कशाला, तर उत्तर सगळ्यांना पटण्यासारखं होतं, कारण तो वाळवंटी मुलुख होता. पाण्याची गाडी मात्र कधी निघाली नाही. ती थाप होती.

माझ्या आजोबांचे थोरले भाऊ त्या पुणे डिव्हिजनमध्ये मराठा पलटणीत होते. घरात त्यांना सगळे थोरले आबा म्हणायचे. मी त्यांना बघितलं नाही, मी जन्मायच्या आधीच ते गेले. कुतच्या थोडं आधी, नोव्हेंबर १९१५ ला सलमान पाकच्या लढाईत मांडीला गोळी लागली आणि नदीतून बोटीने जखमींना खाली बसऱ्याला नेलं त्यात ते होते, म्हणून वेढ्यातून वाचले. वडील सांगायचे, थोरले आबा लढाईबद्दल कधी बोलले नाहीत, लंगडत शेतात जायचे, यायचे. पण तांब्यात उरलेलं पाणी कोणी अंगणात ओतलं की उठायचे आणि त्या माणसाच्या हातातून तांब्या काढून घ्यायचे, मग ती सून असो की पाहुणा. तांब्या तळापर्यंत पिऊन उपडा ठेवायचे. आमच्या घरात अजूनही माझ्यासकट सगळे तांब्या उपडाच ठेवतात, का ते नातवंडांना माहीत नाही.

त्यांच्याकडे एक पितळी डबा होता. तळहाताएवढा, झाकणावर एका बाईचा चेहरा आणि कडेने अक्षरं. मी लहानपणी त्यात गोट्या ठेवायचो. बोव्हिंग्टनच्या त्या सहलीत एका काचेच्या पेटीत हुबेहूब तोच डबा दिसला तेव्हा मला कळलं, की तो १९१४ च्या नाताळला राजकन्या मेरीच्या नावाने सैनिकांना वाटलेला भेटीचा डबा, गोऱ्यांच्या डब्यात तंबाखू असायची, आपल्या शिपायांना गोड आणि मसाल्याचे पदार्थ. मी तिथे पोरीला म्हणालो हा आपल्या घरी होता. ती म्हणाली, "मग आता कुठेय बाबा?"

सांगतो कुठेय ते. १९७९ ला गावाकडचं घर उतरवलं तेव्हा आईने जुनी पितळेची भांडी मोडीत घातली आणि स्टीलचे डबे घेतले, ताईच्या लग्नाची तयारी होती. त्या पाटीत तो डबाही गेला. मीच पाटी डोक्यावर घेऊन दुकानात गेलो होतो, वीस-बावीस वर्षांचा होतो, चित्रकलेचा डिप्लोमा झालेला. डबा माझ्या हातातून गेला आणि मला त्यात काही दिसलं नाही. दुकानदाराचा काय दोष, त्याने वजन केलं.

मी लहान असताना १९६६ च्या गणपतीत आमच्या गल्लीतल्या मंडळाने पुठ्ठ्याचा पॅटन टँक केला होता, खेमकरणच्या लढाईचा देखावा, मोडलेला पॅटन आणि पुढे जवान. मी त्याला हिरवा रंग दिला होता, माझं आयुष्यातलं पहिलं मोठं काम. आणि दिवाळीत किल्ला करायचो तेव्हा मातीच्या मावळ्यांच्या शेजारी पत्र्याचा टँक ठेवायचो, शिवाजी महाराज वर सिंहासनावर आणि खाली दरवाजाशी टँक, कोणाला खटकायचं नाही, अजूनही पोरं ठेवतात. बाजूला करवंटी पुरून पाण्याचं टाकं करायचो. एकाच किल्ल्यावर टाकं आणि टँक, आणि दोन्ही शब्द एकाच घरचे असतील असं कधी डोक्यात आलं नाही. म्हणून मी त्या इंग्रज पोरांना, त्या गल्ल्यात पेनी टाकणाऱ्यांना काही बोलू शकत नाही. खेळणं हातात आलं की मन खेळतंच. पण खेळण्याशेजारी खरी वस्तूही असायला पाहिजे, कोणीतरी हात लावलेली, घाम लागलेली. फ्रान्समध्ये फ्लेस्किएर गावात डेबोरा नावाचा टँक १९९८ साली जमिनीतून खणून काढला, कांब्रेच्या लढाईतला, एका बाजूने फाटलेला, आता तो तिथल्या स्मशानभूमीच्या शेजारी छोट्या म्युझियममध्ये ठेवलाय, आणि त्यात मेलेले शिपाई त्याच स्मशानात आहेत. टँक बघायचा आणि बाहेर येऊन त्यांची नावं वाचायची. चिनीमातीचा टँक आणि डेबोरा दोन्ही जपून ठेवलेत त्या लोकांनी, म्हणून आज एकाशेजारी दुसरा ठेवून बघता येतं.

तर विनंती दोन आहेत. पहिली, ज्या ज्या गावात चौकात रणगाडा ठेवलाय त्यांनी शेजारी एक साधा फलक लावावा, यात किती माणसं बसायची, कोण कुठे बसायचं, आत किती गरम व्हायचं, दरवाजा कुठून. पोरांना वर चढू द्या, फोटो काढू द्या, पण दरवाजा दाखवा.

दुसरी तुमच्या वाचकांना. सातारा, सांगली, कोल्हापूर, रत्नागिरी, नगर, पुणे या पट्ट्यात कितीतरी गावांच्या चावडीवर किंवा देवळात दगडी पाटी आहे, या गावातून महायुद्धात इतके गेले आणि इतके परत आले नाहीत, १९१४ ते १९१९. त्या प्रत्येक पाटीमागे घरं आहेत आणि घरांत माळ्यावर ट्रंका आहेत. त्यात पितळी डबा असेल, तोफेच्या पुंगळीचा केलेला फुलदाणीसारखा नळा असेल, एखादं कार्ड, बिल्ला, मेडल, फ्रान्सच्या नाहीतर बसऱ्याच्या नाण्यांची पुरचुंडी असेल. घर उतरवताना, वाटण्या होताना ते मोडीत घालू नका, ऑनलाइन विकू नका. आधी घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला विचारा हे कोणाचं, कुठून आलं, आणि ते सांगतील ते कागदावर लिहून त्याच वस्तूत घडी करून ठेवा. नाहीतर वस्तूचा फोटो काढून तुमच्या पेपरला पाठवा, तुम्ही दर रविवारी एक छापलात तर सेल्फी पॉइंटच्या फोटोपेक्षा जास्त लोक वाचतील याची मला खात्री आहे.

आईच्या माघारी तिच्या हिशेबाच्या वह्या माझ्याकडे आल्या. त्या दिवसाची नोंद आहे, तिच्या अक्षरात, 'जुनी पितळ मोड, ६ किलो ३००, त्यात लहान डबी १'. डबी वेगळी का लिहिली असेल माहीत नाही, बाकी कुठलंच भांडं तिने वेगळं लिहिलेलं नाही.

आपला,
एक निवृत्त चित्रकला शिक्षक,
नगर